मैदान पार्माचं, पंगतही पार्माचीच

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि जानेवारीत आटोपतो. इटलीत या खेळाचा पहिला चेंडू साधारण मार्चमध्ये उडतो आणि अंतिम सामना जून-जुलैत होतो. दोन देशांच्या वेळापत्रकांत राहिलेल्या या फटीतून गेली चाळीसेक वर्षं अमेरिकन खेळाडू आणि कोच इटलीत जाताहेत. कुणी पूर्ण हंगामासाठी जातो, कुणी तीन-चार दिवसांचं शिबिर घेण्यापुरता. यात पैसा फारसा नाही. क्लब राहायची सोय करतो, किरकोळ मानधन देतो आणि जेवू घालतो. हे शेवटचं कलम वाचायला किरकोळ वाटतं, पण ज्याला बोलावणं पार्माहून आलंय त्याच्यासाठी करारातलं सगळ्यात वजनदार कलम तेच असतं.

इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा तो अमेरिकन खेळ. इटलीत नुसतं ‘फुटबॉल’ म्हणून भागत नाही. तिथला फुटबॉल म्हणजे काल्चो, आणि त्याच्यापुढे बाकीचे सगळे खेळ पाहुणे. रग्बी त्यातला जुना पाहुणा, अमेरिकन फुटबॉल नवा. हा नवा पाहुणा आला तो अमेरिकी सैन्याच्या पाठोपाठ. दुसऱ्या महायुद्धानंतर विचेन्झा, आविआनो, नेपल्स, लिव्होर्नो या ठिकाणी अमेरिकेचे लष्करी तळ राहिले. तळांवरचे जवान आपापसांत हा खेळ खेळायचे. कुंपणापलीकडून बघणाऱ्या इटालियन पोरांना त्याची चटक लागली आणि सत्तरच्या दशकात त्यांचे स्वतःचे संघ उभे राहिले. 1981 मध्ये पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद झालं, ते मिलानच्या ऱ्हायनोज संघाने जिंकलं. पार्मा पँथर्स हा क्लब त्याच वर्षीचा. 1983 मध्ये पहिली युरोपीय स्पर्धा भरली ती इटलीतच, आणि विजेताही इटलीच. 1987 मध्ये पुन्हा तोच मान मिळाला. त्यानंतर मात्र चौतीस वर्षांचा दुष्काळ. तो संपला 2021 मध्ये, स्वीडनच्या माल्मो शहरात यजमानांनाच हरवून.

आज हा खेळ माहीत नसलेल्यांनाही पार्माचं नाव त्याच्याशी जोडलेलं ठाऊक असतं, ते एका वकिली कथा लिहिणाऱ्या लेखकामुळे. जॉन ग्रिशम एका कादंबरीच्या तयारीसाठी बोलोन्यात गेले असताना त्यांना शोध लागला की इटलीत चक्क अमेरिकन फुटबॉलची लीग आहे. 2007 मध्ये त्यांची ‘प्लेइंग फॉर पिझ्झा’ ही कादंबरी आली. क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन संघाचा एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, महत्त्वाच्या सामन्यात माती खातो, अमेरिकेत त्याला कुणी दारात उभं करत नाही, म्हणून तो पार्मा पँथर्सकडून खेळायला येतो, असं कथानक. ग्रिशम यांच्या नेहमीच्या वाचकांना यात कोर्ट-कचेरी सापडली नाही. सापडली ती जेवणाची टेबलं, एकामागून एक. कादंबरी म्हणून ती हलकीफुलकी आहे, त्याहून जास्त तिच्याकडून मागू नये. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली : या क्लबात माणूस खेळायला येतो आणि जेवायला राहतो. योगायोग असा की एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने युरोपात स्वतःच्या पैशाने चालवलेली लीग त्याच 2007 साली, जूनमध्ये बंद पडली. जर्मनी, ब्रिटन, स्पेन, हॉलंडमध्ये त्या लीगचे संघ होते, इटलीत एकही नव्हता. पैशावर उभं असलेलं कोसळलं आणि हौसेवर उभं असलेलं टिकलं. पुढे 2010 ते 2013 अशी सलग चार वर्षं पँथर्स इटलीचे विजेते ठरले.

हौस म्हणजे काय, ते संध्याकाळच्या सरावाला कळतं. संघातले इटालियन खेळाडू पगारी नसतात. कुणी नळजोडणीचं काम करतो, कुणी बँकेत बसतो, कुणी विद्यापीठात शिकतो. सराव रात्रीचा, आठवड्यातून दोन-तीनदा, दिवसाचं काम उरकून. परदेशी खेळाडू किती खेळवायचे यावर बंधन असतं, त्यामुळे दोन-तीन अमेरिकन आणून संघ जिंकत नाही, उरलेल्या गावच्या पोरांना तयार करावंच लागतं. शिबिरांची गरज इथून निर्माण होते. अमेरिकेतला मुलगा शाळेच्या संघात खेळून वाढतो. इटलीच्या शाळांत हा खेळच नाही. सोळाव्या, अठराव्या, कधी पंचविसाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा हेल्मेट घालतो. मग अमेरिकेत ज्या गोष्टी चौदा वर्षांच्या मुलाला शिकवायच्या, त्या इथे दाढीवाल्या, लेकुरवाळ्या गड्याला शिकवाव्या लागतात. त्याच्या मानाला धक्का न लावता, हे वेगळं सांगायला नको.

खेळ थोडक्यात असा. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. ऐकायला सोपं. पण अकरापैकी प्रत्येकाचं काम वेगळं आणि प्रत्येक चालीत ठरवून दिलेलं. चेंडू फेकणारा एक, झेलणारे चार-पाच, आणि चेंडूला हातही न लावता पुढ्यातल्या माणसाला अडवून धरणारे पाच धिप्पाड गडी. यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. प्रेक्षक त्यांच्याकडे बघत नाहीत, कोच मात्र आधी त्यांच्याकडेच बघतो.

शिबिराच्या सकाळी मैदानाचे तुकडे पडतात. एका कोपऱ्यात चेंडू फेकणारे, दुसरीकडे झेलणारे, तिसरीकडे हे अडवणारे. दर दहा-बारा मिनिटांनी भोंगा वाजतो आणि कसरत बदलते. अडवणाऱ्यांचा पहिला धडा उभं राहण्याचा. पाय खांद्यांइतके फाकवलेले, एक पाय किंचित मागे, एक हात गवतावर. पण त्या हातावर भार टाकायचा नाही, कारण कोच मागून येऊन हात उडवून बघतो आणि भार टाकणारा तोंडावर पडतो. पाठ टेबलासारखी सपाट, मान वर. चेंडू हलला की पहिलं पाऊल अवघं वीतभर. नवशिका इथेच फसतो. त्याला वाटतं, ताकदीचा खेळ आहे, म्हणून तो लांब ढांग टाकतो. ढांग हवेत असताना समोरचा त्याच्या छातीत हात घालून त्याला उलटवतो. मग दुसरा धडा : तळवे समोरच्याच्या छातीवर, अंगठे वर, कोपरं आत, आणि ढुंगण खाली. जो खाली राहतो तो वरचढ ठरतो, हे या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. कोच ते दिवसातून शंभरदा ओरडतो. पार्मातली पोरं ते इंग्रजीतच ऐकतात, कारण चालींची नावं, मोजणी, इशारे सगळं इंग्रजीतच ठेवलेलं असतं. भांडण तेवढं इटालियनमध्ये होतं.

पार्माच्या पोरांना एक गोष्ट मात्र शिकवावी लागत नाही. हे रग्बीचं शहर आहे. मोलेतोलो भागातल्या लान्फ्रांकी स्टेडियमवर झेब्रे हा व्यावसायिक रग्बी संघ खेळतो, आणि पँथर्सचं नावही त्याच मैदानाशी जोडलेलं आहे. रग्बीत हेल्मेट नसतं, त्यामुळे समोरच्याला खाली पाडताना डोकं बाजूला ठेवून खांदा लावायची सवय लहानपणीच लागते. अमेरिकेत उलटं झालं. हेल्मेट आलं आणि डोकं हेच हत्यार बनलं. मेंदूच्या दुखापतींचा बोभाटा झाल्यावर, 2014 मध्ये, सिअ‍ॅटल सीहॉक्स या एनएफएल संघाच्या कोचनी रग्बीच्या धर्तीवर टॅकल शिकवणारा व्हिडिओ काढला आणि शाळा-कॉलेजांतले कोच तो बघू लागले. म्हणजे अमेरिकन कोच पार्मात शिकवायला येतो आणि टॅकलच्या तासाला खुशाल मागे उभा राहून बघू शकतो. माझ्या मते शहाणा कोच तसंच करतो.

दुपारी एकच्या सुमारास खरी अडचण उभी राहते. अमेरिकन शिबिरात मधली सुट्टी म्हणजे हातात सँडविच, वीस मिनिटं, पुन्हा मैदान. पार्मात एक वाजता माणूस बसून जेवतो. हे दोन लाख वस्तीचं गाव आहे आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्याला पाककलेचं शहर म्हणून निवडलं, इटलीतलं पहिलं. बरिला कंपनी इथलीच. आता आपल्या सुपरमार्केटातही जिचा निळा खोका दिसतो, तिची सुरुवात 1877 साली पार्मातल्या एका पाव-पास्त्याच्या दुकानापासून झाली. अशा गावात कोचने ‘पटकन उरका’ म्हटलं तर लोक हसून मान डोलावतात आणि दुसरं ताट वाढून घेतात. म्हणून वेळापत्रक जेवणाभोवती आखावं लागतं. धावपळ, धक्काबुक्की सकाळी. जेवणानंतर खोलीत पडद्यावर सामन्यांचं चित्रण बघणं, नाहीतर मैदानात चालत-चालत चालींची उजळणी. घाम काढायचा तो पुन्हा ऊन कललं की.

आणि ताटात काय? आधी येतो वाळवलेल्या डुकराच्या मांडीचा पातळ काप, प्रोशुत्तो. पार्माच्या दक्षिणेला डोंगराकडे लांगिरानो नावाचं गाव आहे, तिथे हा धंदा एकवटला आहे. डुकराची मागची तंगडी आणि समुद्राचं मीठ, तिसरा पदार्थ नाही. मीठ लावणारा माणूस या कामातला उस्ताद समजला जातो, कारण कमी पडलं तर मांस नासतं आणि जास्त पडलं तर गोडवा जातो. मग वर्षाहून अधिक काळ ती मांडी हवेवर टांगलेली राहते. कोठारांच्या उंच, अरुंद खिडक्या वाऱ्याचा अंदाज घेऊन उघडतात आणि मिटतात. शेवटी परीक्षक येतो. त्याच्या हातात घोड्याच्या हाडाची सुई. ती मांडीत ठरावीक जागी खुपसायची, बाहेर काढायची, नाकाशी न्यायची, पुसायची, पुन्हा दुसऱ्या जागी. घोड्याचं हाड अशासाठी, की ते वास चटकन धरतं आणि चटकन सोडतं. पास झालेल्या मांडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग देतात.

प्रोशुत्तोबरोबर तोर्ता फ्रित्ता : कणकेची चौकोनी, तळून आपल्या पुरीसारखी टम्म फुगलेली. बघूनच मराठी माणसाचा हात पुढे जाईल. शाकाहाऱ्याने मात्र आधी विचारावं, कारण परंपरेने ती डुकराच्या चरबीत तळतात.

चीजच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी, आणि ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. पार्मिजानो रेजानो, म्हणजे ज्याला आपण पार्मेझान म्हणतो त्याचं अस्सल रूप, वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून करतात. नियमच तसा आहे. त्यामुळे काटेकोर शाकाहाऱ्याच्या ताटात ते बसत नाही, मग पास्त्यावर ते कितीही शुभ्र भुरभुरलेलं असो. ज्याला चालतं त्याने मात्र सकाळी लवकर उठून चीजचा कारखाना बघायला जावं. शिबिराला आलेल्या कोचला संघातला कुणीतरी तिथे नेतोच. कुणाचा तरी मामा त्या धंद्यात असतो.

आदल्या संध्याकाळचं दूध उथळ हौदांत रात्रभर ठेवलेलं असतं. वर आलेली साय काढून ते सकाळच्या धारोष्ण दुधात मिसळतात आणि तांब्याच्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या मोठ्या कढयांत ओततात. त्यात कालच्या चीजमधून उरलेल्या निवळीचं विरजण, मग रेनेट. दही धरलं की तारांच्या लांब दांड्याच्या रवीने ते मोडायचं, दाणे तांदळाएवढे होईपर्यंत. पुढे पंचावन्न अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की दाणे तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. दोन माणसं लाकडी फळीने तो उचकटतात, खालून कापड सरकवतात आणि झोळी करून वर ओढतात. निवळीतून वर येताना तो गोळा गरगरीत, पांढरा, वाफाळता असतो. सुरीने त्याचे दोन भाग करतात. एका कढईतून दोन चाकं, एकेका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध आणि तयार चाकाचं वजन चाळीस किलोच्या घरात. सुमारे तीन आठवडे मिठाच्या पाण्यात, आणि मग किमान बारा महिने लाकडी फळ्यांवर. बारा महिने झाले की छोटा हातोडा घेऊन परीक्षक येतो, चाक फिरवत फिरवत ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. आवाज कुठे पोकळ आला तर आत फट आहे. नापास चाकाच्या कडेवरची ठिपक्याठिपक्यांची नाममुद्रा खरवडून टाकतात.

या चाकांवर कर्जही मिळतं. क्रेडिटो एमिलियानो ही बँक पार्मिजानोची चाकं तारण ठेवून घेते आणि स्वतःच्या गोदामात पिकवते. चीज पिकेल तसं तारणाचं मोल वाढतं. जगात असं तारण दुसरं कोणतं असेल ते मला सुचत नाही.

आणखी एक साखळी बघण्यासारखी आहे. चीजची निवळी डुकरांना पाजतात, त्या डुकरांच्या मांड्या लांगिरानोला जातात, आणि गायीच्या धारा काढणारे हात अनेकदा भारतातले असतात. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत पंजाबी शीख गेली कित्येक वर्षं काम करताहेत. शेजारच्या रेजो एमिलिया जिल्ह्यात नोव्हेल्लारा इथे 2000 साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. पार्मिजानोची जाहिरात करणाऱ्या चित्रांत हे लोक दिसत नाहीत, पण ते नसते तर पहाटेच्या धारा कुणी काढल्या असत्या, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांनाही पडतो.

रात्रीचं जेवण हा शिबिराचा अघोषित तास. आठ-साडेआठला टेबल भरतं. लाल, फेसाळ लाम्ब्रुस्को ही इथली दारू. ती जाणकारीने चाखायची नसते, पाण्यासारखी ओतायची असते. मांसाच्या कढणात सोडलेले आनोलीनी, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचे छोटे तुकडे, येतात. कुणी खट्याळ खेळाडू पाहुण्यापुढे घोड्याच्या कच्च्या मांसाचा बारीक चिरलेला गोळा सरकवतो आणि सगळं टेबल त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतं. घोडा खाणं हा पार्माचा जुना शिरस्ता. नको असेल तर नको म्हणावं, कुणी रागावत नाही. जेवणावर कॅपुचिनो मागवला तर मात्र भुवया उंचावतात.

याच टेबलावर कोचला कळतं की सकाळी ज्याला तो आळशी समजून ओरडला, तो रात्रपाळी करून थेट मैदानावर आला होता. ज्याला चेंडू झेलता येत नाही असं वाटलं, त्याचा चष्मा हेल्मेटमध्ये मावत नाही. एक न बोलणारा गडी दोन पेल्यांनंतर सांगतो की कोचची अर्धी वाक्यं त्याला कळतच नाहीत, शेजारचा करतो ते बघून तो करतो. हे मैदानात कुणी सांगत नाही. तिथे कोच म्हणजे अधिकारी असतो. दुसऱ्या दिवशी जो कोच याप्रमाणे कसरती बदलतो, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं येतं. जो लवकर उठून हॉटेलवर जाऊन चाली आखत बसतो, त्याच्या वहीतल्या चाली उत्तम असतात, पण त्या खेळायला कुणी तयार नसतं. परदेशात कोचिंगला जाणाऱ्याने पाकिटात किती पडणार याआधी जेवण कुणाबरोबर आहे हे विचारावं, असं मला वाटतं ते यामुळे.

आता प्रवाह उलटाही वाहू लागला आहे. मिलानमध्ये जन्मलेल्या जॉर्जो ताव्हेक्कियो याने 2017 मध्ये ओकलंड रेडर्सकडून एनएफएलमध्ये पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात चेंडू लाथेने खांबांमधून धाडत चार फील्ड गोल मारले. 2023 मध्ये तर इटलीच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडोच्या मैदानावर खेळवला गेला. मिलान सीमेन हा संघ त्याच वर्षी नव्या युरोपीय लीगमध्ये गेला.

आपल्याकडेही या खेळाचं बी एकदा पडलं होतं. 2011 च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स अशा नावांचे संघ ठरले, आणि पाठीशी माइक डिट्का, कर्ट वॉर्नर, नट मार्क वॉलबर्ग अशी अमेरिकन नावं. त्या लीगने मूळ धरलं नाही. मला विचाराल तर तिथे गुंतवणूकदार आधी आले, क्लब नंतर. पार्मात नेमकं उलटं घडलं होतं. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येतोय, म्हणजे याच खेळाचा बिनधक्क्याचा, पाच-पाच जणांचा प्रकार. टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढायची. ज्या बैठकीत क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये आलं, त्याच बैठकीत हाही आला. हेल्मेट-पॅडचा खर्च नाही, मैदान छोटं पुरतं. शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी याकडे जरूर बघावं.

पार्माला जायचं असेल तर एप्रिल ते जून हा काळ धरावा. सामने बहुधा शनिवार-रविवारी असतात, आणि मैदानाबाहेर गर्दी इतकी कमी असते की खेळाडूंशी सहज बोलता येतं. जूनमध्ये गेलात तर 23 तारखेची रात्र चुकवू नका. सेंट जॉनच्या सणाची ती आदली रात्र. त्या रात्री अख्खं गाव अंगणात, चौकात टेबलं मांडून, दव पडेपर्यंत तोर्तेल्ली देर्बेत्ता खातं. पालेभाजी आणि रिकोट्टा भरलेल्या या पास्त्यात मांस नसतं, पण वर-आत पार्मिजानो असतं. तुम्हाला रेनेट चालत नसेल तर आधीच सांगा आणि टेबल आठवडाभर आधी राखून ठेवा.